एकोणीस मिनिटं

सूचनाफलकावरची स्वतःचीच यादी ती नखानं खरवडत होती. डावा कोपरा सुटला, पण कागद मधेच फाटला आणि 'चालणे ४' एवढाच तुकडा बोटाला चिकटून आला.

"निघायची नाही ती," मागून शिपाईकाका म्हणाले. "टाचणी नाही लावलेली. डिंक आहे, चांगला बोटभर. साहेबांनी समोर उभं राहून लावून घेतला."

"यादी माझी आहे, काका."

"होती. खाली शिक्का बघा."

खाली शिक्का होता, सही होती आणि चार ओळी होत्या. सोमवारपासून जेवणाची सुट्टी पंचेचाळीस मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटांची. परिसरात जलद जेवणाची पुरेशी सोय असल्याचं वरील यादीवरून सिद्ध झालं आहे. उशीर झाल्यास हजेरीच्या यंत्रात लाल नोंद. तीन लाल नोंदी झाल्या की ताकीदपत्र.

विमा कंपनीच्या चौथ्या मजल्यावर ती बावीस वर्षं दाव्यांच्या फायली तपासत होती. दुसऱ्यांनी मांडलेल्या आकड्यांतली चूक हुडकायची आणि लाल पेन्सिलीनं गोल करायचा, हे तिचं काम. तिच्या स्वतःच्या नावापुढे बावीस वर्षांत एकदाही लाल काही लागलं नव्हतं. मजल्यावर तिला 'मिनिटबाई' म्हणत. तिच्या तोंडावरही म्हणत, कारण तिला ते आवडायचं.

नाव पडलं ते या यादीवरून. ऑफिसच्या आसपास जेवायच्या चौदा जागा तिनं स्वतः पायी फिरून, स्वतःच्या तोंडानं खाऊन, मनगटावरच्या घड्याळावर मोजल्या होत्या. चालणे इतकं, रांग इतकी, खाणे इतकं, परत इतकं. प्रत्येकापुढे शेरा. 'अंडीवाला, पुलाखाली: मालक गप्पिष्ट, नजर देऊ नये.' 'भाताचं दुकान, बँकेच्या गल्लीत: दोन नंबरचं टेबल डुगडुगतं, बाकी ठीक.' आणि सगळ्यात वर, एक नंबरला, 'सूपची खिडकी, कोर्टामागे: चालणे ४, रांग २, खाणे ७, परत ४, लिफ्ट २. एकूण १९. बाई बोलत नाही, वेळ वाचतो.'

पंचेचाळीसातून एकोणीस गेले की सव्वीस उरत. ती सव्वीस मिनिटं ती वाचनालयाच्या बाहेरच्या तिसऱ्या पायरीवर चपला काढून बसायची. पुस्तक नाही, फोन नाही. घरी गेल्यावर नवरा, सासरे, गॅसवरचं दूध. ऑफिसात फायली. दिवसाचे चोवीस तास असतात म्हणे. तिच्या दिवसात सव्वीस मिनिटं होती, आणि तीही तिनं घास न चावता कमावलेली.

"वाचलं का?"

हा आवाज 'रवंथ'चा. टपाल विभागातले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. एक घास बत्तीस वेळा चावायचा असं त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. आता बत्तीस दात राहिले नव्हते, नवी कवळी हिरड्यांना टोचत होती, तरी हिशेब बत्तीसचाच होता. त्यांचं जेवण बरोबर बेचाळीस मिनिटं चालायचं. सगळे हसायचे, तेही हसायचे, पण चावणं सोडायचे नाहीत.

"वाचलं," ती म्हणाली.

"बाई, राग मानू नका. पण माणसाला गिळता येतं हे त्यांना कुणी दाखवलं? तुम्ही." ते यादीकडे बघत राहिले. "अजगराला येतं, ठाऊक होतं. विमा कंपनीतल्या माणसालाही येतं, हे तुम्ही अकरा वर्षं लिहून ठेवलंत. सुवाच्य अक्षरात."

नखाखाली डिंक गेला होता, तो ती दुसऱ्या नखानं काढत राहिली.

यादी साहेबांपर्यंत गेली कशी, ते दुपारी कळलं. तिची भाची, थोरल्या बहिणीची मुलगी, दोन वर्षांपूर्वी याच मजल्यावर लागली होती. ती खुर्ची ओढून जवळ आली आणि लहानपणी काच फुटल्यावर यायची तशी बसली.

"मावशी, रागावणार नाहीस ना?"

"आधी सांग. मग ठरवते."

"ती सूचनापेटी होती ना, 'कामात सुधारणा सुचवा' म्हणून. त्यात मी तुझी यादी टाकली. नीट टाइप करून, रकाने आखून. तुझं कौतुक व्हावं म्हणून गं. इतकी वर्षं तू राबतेस, कुणाला नाव तरी माहीत आहे का तुझं?"

"आता झालं की नाव. डिंक लावून झालं."

भाचीचे डोळे भरले. मावशीनं ड्रॉवरमधून रुमाल काढून तिच्यापुढे सरकवला आणि फाइल पुढे ओढली. फायलीत एका मेलेल्या माणसाचं वय सहा वर्षांनी चुकलं होतं. तिनं त्याला गोल केला, इतका जोरात की पेन्सिलीचं टोक मोडलं.

पोरीवर रागवायचं कशाला? पोरीनं यादी दिली, पण लिहिली कुणी? अकरा वर्षं घड्याळ हातात धरून आपणच धावलो. घड्याळ बघून गिळणाऱ्या माणसाला लोक शिस्तीचा म्हणतात. जू मानेला बसलं की बैल शहाणा झाला म्हणतात, तसंच हे. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

ती उठली आणि काचेच्या केबिनमध्ये गेली. दारावर टकटक केली नाही.

नवे साहेब पाच महिन्यांपूर्वी आले होते. वयानं तिच्या धाकट्या भावापेक्षा लहान, वागायला गोड. कधी आवाज चढवायचे नाहीत. अशा माणसाशी भांडण काढायचं म्हणजे तेल लावलेला मासा धरायचा.

"या ना, मॅडम. तुमचं अभिनंदन करायचं राहूनच गेलं."

"यादी मी मागे घेते."

"आकडे मागे घेता येत नाहीत, मॅडम. आवडो न आवडो, ते असतात. तुम्ही तपासनीस आहात, तुम्हाला मी काय सांगणार?" त्यांनी हसून खुर्ची दाखवली. ती बसली नाही. "एकोणीस मिनिटं तुमची. आम्ही पंचवीस देतोय. सहा मिनिटं वर."

"एकोणीस मिनिटांत मी जेवते ते माझ्या गरजेनं. उरलेली सव्वीस मिनिटं मला लागतात म्हणून."

"कशासाठी लागतात?"

"बसायला."

"बसून काय करता?"

"काही नाही."

साहेबांनी दोन्ही तळहात वर केले. खटला संपला, निकाल तुम्हीच दिलात, असे.

"तुम्ही कुठे जेवता?" तिनं विचारलं.

"इथेच. काम करता करता एक हात चालू असतो."

"मग सोमवारी माझ्याबरोबर चला. एक नंबरची जागा. तुमचीच पंचवीस मिनिटं, तुमचंच घड्याळ. जेवून वेळेत परत आलात, तर त्या कागदाखाली मी माझ्या हातानं सही करते. नाही आलात, तर डिंक तुम्ही खरवडायचा. नखानं."

काचेपलीकडे सगळा मजला फायलींत डोकं घालून कान देऊन बसला होता. साहेबांनी तिकडे एकदा बघितलं.

"मी तुमच्याहून भराभर चालतो, मॅडम."

"चाला की. जेवायचंही आहे, एवढं लक्षात ठेवा."

सोमवारी एकच्या ठोक्याला एकेचाळीस माणसं एकदम लिफ्टपुढे आली. आधी कुणी पाच मिनिटं आधी जायचं, कुणी दहा मिनिटांनी. लिफ्ट सगळ्यांना पुरायची. आज पंचवीस मिनिटांच्या भीतीनं सगळे एकत्र सुटले होते, शाळा सुटल्यासारखे, फक्त ओरडत नव्हते. दोन फेऱ्या भरून गेल्या. तिसरीत ती आणि साहेब चेंगरून उभे राहिले. यादीत 'लिफ्ट २' होतं. जाऊन-येऊन दोन. नुसतं खाली उतरेपर्यंत तीन गेली होती.

रस्त्यावर साहेब खरंच भराभर चालले. ती मागे राहिली नाही. सिग्नल, औषधांचं दुकान, कोर्टाची लांबलचक भिंत, मग उजवीकडे वळून गल्ली. भिंतीत कमरेच्या वर एक खिडकी, खिडकीला दगडी कट्टा, आत मोठं पातेलं. बाहेर चार उलटे खोके बसायला. खोक्यांवर कुणी बसत नसे. सगळे उभ्यानं पीत.

पुढे नऊ माणसं होती. त्यांतली पाच त्यांच्याच मजल्यावरची, दोघांच्या हातात तिच्या यादीची नक्कल.

"रांग दोन म्हणाला होतात," साहेब म्हणाले.

"तेव्हा तुमचा कागद लागला नव्हता."

त्यांचा नंबर लागला तेव्हा एक वाजून अकरा झाले होते. खिडकीतून दोन हात बाहेर आले. हे हात ती ओळखायची. अंगठ्याजवळ भाजल्याचा जुना डाग, मनगटाला दोरा. डाव्या हातानं कट्ट्याच्या कोपऱ्यावर ताटलीनं झाकून ठेवलेला वाडगा उचलून तिच्यापुढे ठेवला. उजव्या हातानं पातेल्यातून पळी भरून साहेबांचा वाडगा भरला. वर पावाचे दोन तुकडे.

साहेबांनी मोबाइलवरचं घड्याळ चालू करून कट्ट्यावर उभं केलं, वाडगा तोंडाला लावला आणि एक मोठा घोट घेतला.

पुढचे काही क्षण त्यांना बोलता आलं नाही. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, पण भर गल्लीत थुंकायची सवय नव्हती, म्हणून गिळलं. मग नुसतेच तोंड उघडं ठेवून वारा घेत उभे राहिले. रांगेतलं कुणीतरी खोकल्याच्या आड हसलं.

तोवर तिचा वाडगा अर्धा झाला होता. सवयीनं. पाव बुडवायचा, दोनदा दात लावायचे, खाली.

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग वाडग्याकडे. मग हात पुढे करून तिच्या वाडग्याला बोट लावलं.

"हे गार आहे."

त्यांना काय म्हणायचंय, ते तिला कळलं नाही. सूप असंच असतं. अकरा वर्षं असंच होतं, कोमट, वर जराशी साय धरलेलं.

"त्यांचं साडेबाराला काढून ठेवते मी," खिडकीतून आवाज आला. "एकनंतर पोचतात, तोवर निवतं."

ती वाकली. खिडकी ठेंगण्या माणसाच्या उंचीची होती. वाकल्याशिवाय आतलं तोंड दिसत नव्हतं, आणि ती कधी वाकली नव्हती. आत तिच्याच वयाची एक बाई होती. केस डोक्यावर घट्ट बांधलेले, पुढचा एक दात पडलेला.

"मी तर कधी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"तुम्ही कधी काहीच सांगितलं नाहीत. पैसे ठेवायचात, वाडगा उचलायचात." बाईनं पातेलं ढवळलं. "पहिल्या पहिल्यांदा एकदा या साहेबांसारखंच केलंत. तोंड भाजलं, डोळ्यांतून पाणी आलं, तरी उभ्या उभ्या सगळं संपवलंत. घड्याळ बघत होतात. मला वाटलं, ही बाई आज जीभ जाळतेय, उद्या नरडं जाळेल. कीव आली. तेव्हापासून काढून ठेवते."

"अकरा वर्षं?"

"मोजली नाहीत बाई. मोजायचं काम तुमचं."

मागच्या माणसानं "पुढे चला" म्हटलं. ती कट्ट्यापासून जराशी सरकली, वाडगा हातात तसाच. तिच्या यादीत 'खाणे ७' होतं. त्या सातचा तिला अभिमान होता. चौथ्या मजल्यावर कुणाला सात जमायचं नाही. दुसऱ्यांच्या आकड्यांतली चूक पकडायचा पगार घेणारीनं स्वतःच्या आकड्याखाली काय आहे, ते एकदाही उचलून बघितलं नव्हतं. खाली एक बाई होती. आणि तिच्यापुढे आपण काय लिहिलं? 'बोलत नाही, वेळ वाचतो.'

साहेबांचा चेहरा मात्र उजळला होता. जीभ अजून जड होती, पण डोकं चालू लागलं होतं.

"म्हणजे प्रश्न सुटला," ते म्हणाले. ते खिडकीशी वाकले. पहिल्याच दिवशी वाकले, हे तिनं बघितलं. "बाई, असे चाळीस वाडगे काढून ठेवता येतील का? रोज, साडेबाराला?"

"कुणासाठी?"

"आमच्या ऑफिससाठी. लोकांचा वेळ वाचेल."

खिडकीतल्या बाईनं पळी पातेल्याच्या काठावर दोनदा आपटली.

"साहेब, एकीची कीव येते माणसाला," ती म्हणाली. "चाळिसांची यायला लागली, तर मी दुकान सोडून तुमच्या ऑफिसात येईन. विचारायला, की तिथे चाललंय काय."

रांगेत आता कुणी खोकल्याच्या आड हसलं नाही. उघड हसले.

साहेबही हसले. तेवढं त्यांना जमायचं. मोबाइल उचलून बघितला. एक अठरा.

"चला मॅडम. आता निघालो तर पोचतो."

"जेवलात?"

त्यांच्या वाडग्यात एक घोट कमी होता. पाव कोरडा होता.

"झालं माझं," ते म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे."

"मॅडम, यंत्र कुणाला ओळखत नाही. तुमचं रेकॉर्ड बावीस वर्षं स्वच्छ आहे. लाल नोंद पडेल."

"पडू द्या."

"उगाच हट्ट करताय."

"हो," ती म्हणाली. "तेवढाच राहिलाय."

साहेबांनी मोबाइल खिशात टाकला. मग कोर्टाच्या भिंतीच्या कडेनं भराभर गेले. रांगेतली मजल्यावरची पाच माणसं एकदा त्यांच्या पाठीकडे आणि एकदा तिच्याकडे बघत होती. दोघं वाडगा तसाच टाकून साहेबांच्या मागे धावली. तिघं धावली नाहीत, पण वाडगाही त्यांना तोंडाला लावता येईना.

ती रांगेला लागली नाही. सरळ कट्ट्याशी गेली, वाकली आणि आपला अर्धा वाडगा आत सरकवला.

"हे घ्या परत. उद्यापासून माझं काढून ठेवू नका."

"रागावलात?"

"तुमच्यावर नाही. तुमच्यावर कशाला रागवायचं? मला गरम द्या. पातेल्यातलं."

"पोळेल हं. बसावं लागेल."

"बसते."

बाईनं भरलेला वाडगा दोन्ही हातांनी पुढे केला. तिनं तो रुमालात धरला, एका उलट्या खोक्यावर बसली आणि चपला काढल्या. वाफ चष्म्यावर आली, गल्ली दिसेनाशी झाली. तिनं चष्मा पुसला नाही. सुपात मिरी होती, बारीक चिरलेला पालाही होता कसला तरी. त्याचा वास येत होता. अकरा वर्षांत तिला हा वास माहीत नव्हता.

तिनं पर्समधून मूळ यादीची घडी काढली, मांडीवर उलगडली आणि लाल पेन्सिलीनं 'खाणे ७' भोवती गोल केला. शेजारी 'बाई बोलत नाही' भोवतीही केला. बरोबर आकडा मात्र लिहिला नाही. तो अजून ठाऊक नव्हता.

"मावशी."

चष्म्याच्या धुक्यातून आधी आवाज कळला. भाची होती, धापा टाकत. तिच्यामागून, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात कवळीची डबी घेऊन, रवंथ येत होते. त्यांच्या चालीत घाई नव्हती. घाई त्यांना येतच नसे.

"साहेब एकटेच वर आले," भाची म्हणाली. "शिपाईकाका म्हणाले, ते बरोबर पंचविसाला पोचले. त्यांनी ड्रॉवरमधली बिस्किटं खाल्ली. मला वाटलं, तुला काही झालं. सुट्टी संपल्यावर आम्ही दोघं खाली उतरलो, तेव्हा यंत्र दोनदा वाजलं."

"लाल?"

"लाल."

"बस."

ती खोक्यावर थोडी सरकली. भाची टेकली. रवंथांनी दुसरा खोका रुमालानं झटकला, त्यावर बसले, डबा उघडला आणि कवळी बसवली. कट्ट्याशी उभ्या तिघांपैकी एकानं, आकडेमोड विभागातल्या पोरगेल्या कारकुनानं, तिसरा खोका पायानं जवळ ओढला. बाकीचे दोघे त्याच्या मागे उभे राहिले. मग जागा करून तेही टेकले.

रवंथ पहिला घास चावू लागले. आतली बाई खिडकीच्या कट्ट्यावर कोपरं टेकून बाहेर बघत होती.

थोड्या वेळानं रवंथांनी घास संपवला, तोंड पुसलं आणि तिच्या मनगटाकडे बोट केलं.

"किती झाले हो, मिनिटबाई?"

तिनं वाडग्यावर हळूच फुंकर घातली. वाफ बाजूला झाली आणि पुन्हा आली.

"अजून गरम आहे," ती म्हणाली.